रसाभास आणि बालपणीचा पडदा : विनोदी पुनर्समीक्षेची मराठी पूर्वपीठिका

१

बालपणी पाहिलेल्या चित्रपटाकडे किंवा दूरचित्रवाणी मालिकेकडे प्रौढ वयात परत वळावे, तिच्या कथानकातील ठिगळे, कचकड्याची भुते आणि आकाशात एकमेकांवर आदळून विझणारे बाण यांची यथेच्छ थट्टा करावी, आणि ती करीत असतानाच या सर्वांवर आपण एके काळी किती निःशंकपणे विश्वास ठेवला होता याचीही कबुली द्यावी, असा एक समीक्षाप्रकार गेल्या काही दशकांत रूढ झाला आहे. अमेरिकेत त्याची एक ठळक खूण १९८८ साली सापडते. मिनेसोटातील एका स्थानिक वाहिनीवर त्या वर्षी सुरू झालेल्या 'मिस्टरी सायन्स थिएटर ३०००' या कार्यक्रमात जुने, स्वस्तात काढलेले चित्रपट दाखविले जात आणि पडद्याच्या तळाशी छायारूपाने बसलेली पात्रे त्यांवर शेरे मारीत. पुढे २००७ पासून डग वॉकर या सादरकर्त्याने 'नॉस्टॅल्जिया क्रिटिक' हे आक्रस्ताळ्या समीक्षकाचे सोंग घेऊन स्वतःच्या पिढीच्या बालपणीचे चित्रपट आंतरजालावर सोलून काढण्यास आरंभ केला. मराठीतही हा प्रकार आता अपरिचित राहिलेला नाही. महेश कोठारे यांचे चित्रपट आणि दूरदर्शनवरील पौराणिक मालिका ही त्याची हक्काची गिऱ्हाइके आहेत.

प्रस्तुत निबंधात या प्रकाराला 'विनोदी पुनर्समीक्षा' असे म्हटले आहे. त्याच्या संदर्भात दोन प्रश्न उपस्थित होतात. पहिला प्रश्न असा की, हे हसणे समीक्षा या संज्ञेस पात्र आहे काय, की ती केवळ करमणुकीवरची करमणूक आहे? दुसरा प्रश्न अधिक अवघड आहे. अशी समीक्षा नेहमी 'आपल्या सर्वांचे बालपण' गृहीत धरून बोलते. हे बालपण नेमके कोणाचे? गिरगावातील चाळीतले, पुण्यातील पेठेतले, की गोंदिया जिल्ह्यातील बोदलकसा या तळ्याकाठच्या गावातले? या दोन प्रश्नांची उत्तरे शोधावयाची तर पडदा अस्तित्वात येण्यापूर्वीच्या मराठी विनोदापर्यंत, आणि त्याच्याही आधी संस्कृत रसचर्चेपर्यंत मागे जावे लागते.

२

भरताने हास्याचा उगम शृंगारात पाहिला आणि शृंगाराची अनुकृती ती हास्य, असे म्हटले. अभिनवगुप्ताने या सूत्राचा विस्तार केला. केवळ शृंगाराचाच नव्हे, तर कोणत्याही रसाचा आभास हास्याला जन्म देऊ शकतो. कारण अनौचित्य हाच हास्याचा विभाव आहे, अशी त्याची भूमिका आहे. रावणाच्या सीतेविषयीच्या अनुरागाचे उदाहरण घेऊन 'लोचना'त तो जे विवेचन करतो, त्यातील एक बारकावा येथे विशेष महत्त्वाचा ठरतो. रावणाचे शब्द ऐकत असताना, तन्मयतेच्या अवस्थेत, श्रोत्याला शृंगारच प्रतीत होतो. पौर्वापर्याचा विवेक जागा झाल्यावर मागाहून त्याचे आभासत्व ध्यानात येते आणि हास्याची चर्वणा सुरू होते.

म्हणजेच रसाभासाच्या कल्पनेत काळाचे एक अंतर गृहीत आहे. आधी रस, मग विवेक, मग हास्य. 'लोचना'त हे अंतर काही क्षणांचे आहे. विनोदी पुनर्समीक्षेत ते वीस-तीस वर्षांचे होते, एवढाच काय तो फरक. आठ वर्षांच्या मुलाला ज्या बाहुल्याने घाम फोडला, तोच बाहुला अडतिसाव्या वर्षी भयानकाचा आभास म्हणून ओळखू येतो. मात्र येथे एक नवी गोष्ट घडते. 'लोचना'तील श्रोत्याच्या हसण्याचे आलंबन रावण आहे. पुनर्समीक्षकाच्या हसण्याचे आलंबन बाहुला तर आहेच, शिवाय त्याला घाबरलेला तो स्वतःही आहे. हास्याचा विषय आणि हास्याचा आश्रय एकाच देहात, दोन वयांत, वावरतात.

स्मरणरंजनाविषयीच्या पाश्चात्त्य विचाराशी हे ताडून पाहता येते. 'नॉस्टॅल्जिया' हा शब्द योहानेस होफर या वैद्यकाच्या विद्यार्थ्याने १६८८ साली आपल्या प्रबंधात घडविला, तो एका व्याधीचे नाव म्हणून. घरापासून दूर राहावे लागलेल्यांना जडणारा तो आजार होता. स्वेत्लाना बॉइम यांनी २००१ मधील आपल्या ग्रंथात या भावनेचे दोन प्रकार मानले. हरवलेले घर जसेच्या तसे पुन्हा उभारू पाहणारी एक, आणि ते परत मिळणार नाही हे जाणून त्याच्या अवशेषांशी रेंगाळणारी दुसरी. पहिली विनोद सहन करीत नाही; दुसरीला विनोद वर्ज्य नाही. लिंडा हचिअन यांनी १९८५ साली विडंबनाची व्याख्या टीकात्म अंतर राखून केलेली पुनरावृत्ती अशी केली. विडंबन म्हणजे कुचेष्टाच, हा समज त्यांनी दूर सारला. या तिन्ही विचारांना रसाभासाच्या सिद्धान्ताने एक जोड मिळते. टीकात्म अंतर हे पूर्वी घेतलेल्या खऱ्या रसानुभवापासूनच मोजावे लागते. ज्याला कधी भय वाटलेच नाही, त्याला त्या भयाची विनोदी पुनर्समीक्षा करता येत नाही. तो फार तर उपहास करू शकतो.

३

मराठीत हसत हसत केलेल्या समीक्षेची परंपरा मुद्रित वाङ्मयात आधी रुजली. श्रीपाद कृष्ण कोल्हटकर हे नाट्यसमीक्षक आणि विनोदकार एकाच वेळी होते, ही बाब योगायोगाची मानता येत नाही. विसाव्या शतकाच्या पहिल्या दशकात 'सुदाम्याचे पोहे' आकारास आले. त्यांतील सुदामा, बंडूनाना आणि पांडूतात्या हे तिघे ज्या रूढींची चिकित्सा करतात, त्या रूढींचे ते स्वतःच निष्ठावंत पाईक आहेत. टीकेचे हत्यार टीकाविषयाच्याच हाती देण्याची ही युक्ती पुढच्या सर्व मराठी विनोदाला पुरून उरली. गडकऱ्यांनी बाळकराम या नावाने लिहिलेल्या 'कवींचा कारखाना'मध्ये काव्यनिर्मितीच्या ठरीव साच्यांची हजेरी घेतली आहे. ती घेणारा स्वतः 'गोविंदाग्रज' आहे, हे वाचकाला ठाऊक असते आणि त्यामुळेच तो लेख निव्वळ कविनिंदा होत नाही.

१९२५ साली 'केशवकुमार' या नावाने प्रसिद्ध झालेल्या आचार्य अत्रे यांच्या 'झेंडूची फुले'ने या परंपरेला निश्चित वाङ्मयीन रूप दिले. रविकिरण मंडळाच्या आणि तत्कालीन इतर कवींच्या लकबींवर अत्र्यांनी जे हल्ले चढविले, ते त्या लकबी आत्मसात केल्याखेरीज शक्यच नव्हते. विडंबनकार हा मूळ कवितेचा सर्वांत सावध वाचक असतो, हे या संग्रहाने सिद्ध केले. तथापि 'झेंडूची फुले' आणि आजची विनोदी पुनर्समीक्षा यांत एक मूलभूत अंतर आहे. अत्र्यांचे लक्ष्य समकालीन होते. वाचक आणि विडंबनकार दोघेही प्रौढ होते आणि मूळ कविता मासिकाच्या ताज्या अंकात समोर होती. त्यात स्मरणाला काम नव्हते.

स्मरणाला काम मिळाले ते पडद्यामुळे, आणि तेही उशिरा. कविता घरात राहते. चित्रपट गावातून निघून जातो. तंबूतल्या किंवा थिएटरातल्या खेळानंतर मुलाच्या हाती उरते ती आठवण, आणि आठवण ही मूळ कृतीपेक्षा नेहमीच भव्य असते. कृती पुन्हा समोर आल्याशिवाय आठवणीची आणि तिची तुलना होऊ शकत नाही. ही तुलना सामान्य प्रेक्षकाच्या आवाक्यात आली ती ऐंशीच्या दशकात व्हिडिओ कॅसेट, नव्वदच्या दशकात केबल आणि त्यानंतर आंतरजाल आल्यावर. विनोदी पुनर्समीक्षेच्या उदयाचे पहिले कारण अशा रीतीने अगदी भौतिक आहे. ती पुनर्दर्शनाच्या सोयीतून जन्मली.

या संक्रमणाचे एक लक्षणीय उदाहरण परेश मोकाशी यांच्या २००९ मधील 'हरिश्चंद्राची फॅक्टरी' या चित्रपटात आढळते. दादासाहेब फाळके यांनी १९१३ साली 'राजा हरिश्चंद्र' प्रदर्शित केला, त्या उद्योगाची ही हसतमुख कहाणी आहे. तारामतीच्या भूमिकेसाठी स्त्री मिळेना म्हणून अण्णा साळुंके या पुरुषाला घ्यावे लागले. याच साळुंक्यांनी १९१७ च्या 'लंकादहना'त राम आणि सीता या दोन्ही भूमिका केल्या. आज हे तपशील ऐकताच हसू येते. मोकाशी ते हसू दडपत नाहीत आणि फाळक्यांना हास्यास्पदही होऊ देत नाहीत. भारतीय चित्रपटाच्या स्वतःच्याच बालपणाची ही विनोदी पुनर्समीक्षा आहे असे म्हणता येईल. कारुण्याने ओथंबलेले चरित्रपट निघण्याच्या काळात तिने श्रद्धांजलीचा सूर टाळला, हे तिचे समीक्षात्मक मूल्य.

४

विनोदी पुनर्समीक्षेला मराठीत सर्वाधिक खाद्य पुरविले ते महेश कोठारे यांच्या चित्रपटांनी. कोठारे स्वतः बालकलाकार म्हणून पडद्यावर आले होते. १९६३ चा 'छोटा जवान' हा त्यांचा आरंभीचा चित्रपट. दिग्दर्शक झाल्यावर त्यांनी 'धूमधडाका' (१९८५), 'थरथराट' (१९८९), 'धडाकेबाज' (१९९०) आणि 'झपाटलेला' (१९९३) या चित्रपटांतून मराठी मुलांना एक अद्भुत सृष्टी दिली. 'धडाकेबाज' हा मराठीतील पहिला सिनेमास्कोप चित्रपट. त्यात कवटीचा मुखवटा घातलेला कवट्या महाकाळ हा खलपुरुष आहे आणि बाटलीत कोंडलेला, लक्ष्मीकांत बेर्डे यांच्याच रूपातला गंगारामही आहे. 'थरथराट'मध्ये टकलू हैवान आहे. ही नावेच अशी आहेत की ती उच्चारताना भय आणि हसू एकत्र फुटावे.

'झपाटलेला' या दृष्टीने अधिक सविस्तर विचारास पात्र आहे. मरणोन्मुख गुंड तात्या विंचू मंत्रबळाने एका बाहुल्यात शिरतो आणि मानवी देह परत मिळविण्यासाठी भोळ्या लक्ष्याच्या मागे लागतो. १९८८ च्या 'चाइल्ड्स प्ले' या अमेरिकी चित्रपटाशी या कल्पनेचे साम्य सर्वज्ञात आहे, आणि प्रौढ समीक्षकाच्या थट्टेचा पहिला मुद्दा बहुधा तोच असतो. परंतु साम्य नोंदवून थांबणारी समीक्षा अपुरी ठरते. बाहुले रामदास पाध्ये यांचे होते. ज्या पाध्ये कुटुंबाच्या अर्धवटरावाने महाराष्ट्रातील मुलांना हसविले, त्याच घराण्याच्या हातून त्यांना भिवविणारा बाहुलाही निघाला. तात्या विंचूची भूमिका दिलीप प्रभावळकरांनी केली, ज्यांना सत्तरच्या दशकाच्या अखेरीस मुंबई दूरदर्शनच्या प्रेक्षकांनी चिं. वि. जोशी यांचा चिमणराव म्हणून पाहिले होते. मूळ कल्पना परकी असली तरी तिला लाभलेले शरीर आणि आवाज मराठी विनोदाच्या घरातलेच होते. तात्या विंचू भयानक असूनही तेव्हाच किंचित हास्यास्पद होता, आणि मुलांना ते कळतही होते. म्हणून प्रौढ समीक्षक आज जो रसाभास 'शोधून काढतो', तो कृतीत आरंभापासून पेरलेला होता, हे ध्यानात घ्यावे लागते.

उत्तम विनोदी पुनर्समीक्षा या ठिकाणी येऊन पोचते. बाहुल्याच्या हालचालीतील अवघडलेपण दाखवून देताना ती थांबते आणि विचारते, मग तेव्हा झोप का लागली नव्हती? या प्रश्नाला दिलेले उत्तर ही वाङ्मयेतिहासाच्या दृष्टीने मोलाची साक्ष असते. कृतीच्या पहिल्या ग्रहणाची, विशेषतः बालप्रेक्षकाच्या ग्रहणाची, नोंद मराठीत फारशी कोणी केलेली नाही. वृत्तपत्री परीक्षणे प्रौढांनी प्रौढांसाठी लिहिली. मुलाने काय पाहिले, कशाला डोळे मिटले, घरी येऊन कोणता संवाद म्हणून दाखविला, हे सांगणारा एकमेव साक्षीदार म्हणजे तेच मूल, मोठे झालेले. विनोद हा त्या साक्षीचा परवाना आहे. गंभीर स्वरात ती दिली असती तर ती बालिश ठरली असती.

या हसण्याची परतफेड कलावंताकडूनही झाली. कोठारे यांच्या तोंडचा 'डॅम इट' हा उद्गार चाहत्यांनी इतक्या वेळा, इतक्या ढंगांत उच्चारला की तो त्यांची ओळख होऊन बसला. २०२३ साली प्रसिद्ध झालेल्या त्यांच्या आत्मचरित्राचे नाव 'डॅम इट आणि बरंच काही' असे आहे. थट्टेचा विषय झालेली लकब कलावंताने मानचिन्हासारखी परत घेतली. सुदाम्याच्या काळापासून चालत आलेली, टीकेचे हत्यार टीकाविषयाच्या हाती देण्याची युक्ती येथे उलट्या वाटेने पूर्ण झाली.

५

पौराणिक मालिकांच्या बाबतीत हे समीकरण इतके सुखाचे राहत नाही. 'रामायण' (१९८७-८८) आणि 'महाभारत' (१९८८-९०) या मालिकांनी एका पिढीचे रविवार व्यापले. त्यांतील बाणांची झुंज, कापसाचे ढग आणि भरजरी मुकुट यांविषयी प्रौढपणी हसू येणे स्वाभाविकच आहे. परंतु येथे मुलाने केवळ गोष्ट पाहिली नव्हती. घरातील वडीलधाऱ्यांनी पडद्यापुढे हात जोडलेलेही पाहिले होते. मालिकेवरचे हसणे श्रद्धेवरचे हसणे ठरेल काय, ही शंका त्यामुळे कायमची सोबत राहते.

मराठी रंगभूमीने ही जोखीम पत्करली. संतोष पवार यांच्या 'यदाकदाचित' या नाटकाने नव्वदच्या दशकाच्या अखेरीस महाभारतातील पात्रांना आजच्या बोलीत आणले. त्यातील हशा समजावयाचा तर व्यासांचे महाभारत वाचलेले असण्याची गरज नव्हती. मालिका पाहिलेली असणे पुरेसे होते. विडंबनाची मूळ संहिता ग्रंथाकडून पडद्याकडे सरकल्याचा हा स्पष्ट पुरावा आहे. त्यांच्याच 'आम्ही पाचपुते' या महाभारतावरील विनोदी नाटकाच्या प्रयोगाच्या वेळी ४ जून २००८ रोजी ठाण्याच्या गडकरी रंगायतनाच्या वाहनतळात स्फोट झाला आणि माणसे जखमी झाली. बॉइम यांनी सांगितलेल्या पहिल्या प्रकारचे स्मरणरंजन, जे घर जसेच्या तसे उभारू पाहते, विनोदाला किती शत्रू मानू शकते, हे त्या दिवशी दिसले. विनोदी पुनर्समीक्षा हा निरुपद्रवी खेळ आहे असे मानणाऱ्यांनी ही तारीख विसरू नये.

२०२० च्या मार्चअखेरीस टाळेबंदीत दूरदर्शनने याच मालिका पुन्हा दाखविल्या. कोट्यवधी घरांत पालक आणि मुले त्या एकत्र पाहत होती, आणि त्यांतील तांत्रिक उणिवांवरचे विनोद भ्रमणध्वनीवरून फिरत होते. विनोद करणारे बहुतेक वेळा मालिका चुकवीत नव्हते, हेही तितकेच खरे. तन्मयता आणि पौर्वापर्यविवेक यांतील अंतर एका घरात, एका खोलीत, दोन पिढ्यांमध्ये विभागून बसले होते.

६

आता आरंभीच्या दुसऱ्या प्रश्नाकडे वळता येते. बोदलकसा हे तिरोडा तालुक्यातील गाव त्याच्या विस्तीर्ण तलावासाठी ओळखले जाते. नागझिऱ्याचे अरण्य तेथून जवळ आहे. 'झपाटलेला' प्रदर्शित झाला तेव्हा गोंदिया जिल्हा अस्तित्वात नव्हता. १ मे १९९९ रोजी भंडारा जिल्ह्यातून तो वेगळा झाला. या परिसरात झाडीबोली, पोवारी, गोंडी आणि मध्य प्रदेशाच्या सान्निध्यामुळे हिंदी अशा भाषांचा शेजार आहे. मुंबई दूरदर्शन केंद्र २ ऑक्टोबर १९७२ रोजी सुरू झाले. परंतु सत्तरच्या दशकात त्याचे प्रक्षेपण मुंबई-पुणे परिसरापुरते होते. चिमणरावाचे दूरदर्शनी रूप त्या काळी या भागातील मुलांना दिसणे शक्यच नव्हते. पडदा गावोगावी पोचला तो १९८२ नंतरच्या विस्तारात, आणि तोही मुख्यतः दिल्लीहून येणाऱ्या हिंदी राष्ट्रीय कार्यक्रमाच्या रूपाने. म्हणून 'आपण सर्वांनी लहानपणी चिमणराव पाहिला' हे वाक्य इतिहासदृष्ट्या असत्य आहे. 'आपण सर्वांनी महाभारत पाहिले' हे त्या मानाने सत्याच्या जवळ जाते.

असे असले तरी या प्रदेशाला हसऱ्या पुनरावृत्तीची परंपरा मुंबईकडून घ्यावी लागली नाही. दिवाळीनंतर भंडारा-गोंदिया भागात गावोगाव मंडई भरते. दिवसा बाजार आणि रात्री दंडार, खडी गंमत किंवा नाटक असा तिचा क्रम असतो. दंडारीत आणि खडी गमतीत स्त्रीभूमिका पुरुष करतात. ते ठाऊक असूनही प्रेक्षक रमतो, आणि रमत असतानाच त्यावर हसतोही. अण्णा साळुंक्यांच्या सीतेवर आज महानगरातील प्रेक्षक जे हसतो, ते हसणे येथे ऐतिहासिक अंतराची वाट पाहत थांबलेले नाही. देसाईगंज-वडसा हे केंद्र असलेली झाडीपट्टी रंगभूमी रात्र-रात्र चालणाऱ्या नाटकांतून करुणाच्या शेजारी विनोद बसविते. या रंगभूमीवरील ज्येष्ठ कलावंत परशुराम खुणे यांना २०२३ साली पद्मश्रीने गौरविण्यात आले, तेव्हा उर्वरित महाराष्ट्रातील अनेकांना या परंपरेची दखल प्रथमच घ्यावी लागली.

यातून सैद्धान्तिक निष्कर्ष असा निघतो की, रस आणि रसाभास यांमध्ये वीस वर्षांचे अंतर पडणे हा नियम नसून ती पडद्याच्या माध्यमाने निर्माण केलेली विशिष्ट परिस्थिती आहे. जेथे नट समोर आहे, ओळखीचा आहे, सकाळी धान कापताना भेटणार आहे, तेथे तन्मयता आणि विवेक एकाच रात्री नांदू शकतात. पडद्याने नट दूर नेला, मुलाला एकटे केले आणि हसण्याची वेळ पुढे ढकलली. विनोदी पुनर्समीक्षा ही त्या लांबलेल्या हसण्याची परतफेड आहे.

व्यवहारात याचा अर्थ असा की, या प्रकाराचे मूल्यमापन दोन कसोट्यांवर करावे लागेल. समीक्षक जुन्या कृतीवर हसताना तिला भुललेल्या स्वतःला हशातून वगळतो काय, ही पहिली कसोटी. वगळीत असेल तर उरतो तो उपहास. दुसरी कसोटी त्याच्या 'आपण' या सर्वनामाची. त्या सर्वनामात कोणाचे घर, कोणते प्रक्षेपण, कोणती बोली गृहीत आहे, याचे भान त्याला असावयास हवे. गिरगावातील मुलाची भीती नोंदली गेली तशी मंडईच्या रात्री, दंडार संपल्यावर अंधारातून घरी परतणाऱ्या बोदलकशाच्या मुलाची भीतीही नोंदली जावी. ती सांगणारी माणसे आज चाळिशी-पन्नाशीत आहेत, आणि त्यांची साक्ष दुसऱ्या कोणाला देता येणार नाही.